ऐतिहासिक कादंबरी विकत घेण्यापूर्वी
(आमच्या पुस्तक दुकानाच्या ग्राहकांसाठी)

"इतिहासाला धरून असलेली आणि वाचायलाही रंगणारी कादंबरी द्या," ही मागणी आमच्या काउंटरवर नेहमीची. अशी पुस्तके आहेत, फक्त मुखपृष्ठावरच्या घोड्यावरून ती ओळखता येत नाहीत.

आधी पहिल्या आवृत्तीचे साल पाहा. छत्रपती संभाजी महाराजांचे उदाहरण घ्या. त्यांच्या मृत्यूनंतर (१६८९) शंभराहून अधिक वर्षांनी मल्हार रामराव चिटणीसांनी लिहिलेल्या बखरीने त्यांचे जे उच्छृंखल चित्र रंगवले, तेच पुढे नाटककार-कादंबरीकारांनी गिरवले. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी लिहिलेले साधार चरित्र १९६० साली आले आणि चित्र पालटू लागले. त्याआधीची कादंबरी भाषेसाठी जरूर वाचा, पण तिच्यातले संभाजीराजे खरे धरून कुणाशी वाद घालू नका.

मग प्रस्तावना. कोणती पत्रे, बखरी, शकावल्या (सालवार नोंदी) पाहिल्या आणि कल्पनेने काय भरले, हे लेखकाने सांगितले असेल तर निम्मी काळजी मिटली. रणजित देसाईंच्या शिवाजी महाराजांवरील 'श्रीमान योगी' कादंबरीला प्रस्तावना म्हणून नरहर कुरुंदकरांचे दीर्घ पत्र आहे. पुष्कळ जण ते ओलांडून थेट गोष्टीवर जातात. तसे करू नका. पुरावा कसा तोलायचा ते तिथे कळते.

लिखाणाचा कस लढाईत लागत नाही, तलवारी सगळ्यांनाच खणखणवता येतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ला झाली, पण त्याआधी सुमारे अडीच महिने मराठ्यांची फौज तिथे अडकून पडली होती. रसद तुटलेली, सोबत बुणगे (न लढणारे नोकरचाकर), यात्रेकरू, बायका. त्या छावणीतला दाणा, जनावरांची वैरण, उत्तरेची थंडी लेखकाने दाखवली आहे, की दोन ओळींत उरकून रणांगण गाठले आहे? तेवढीच पाने उघडून बघा. संवाद ओठांतल्या ओठांत म्हणून पाहा. जो तो व्यासपीठावरून बोलावे तसा बोलत असेल, किंवा शिवकाळातला हेर "पाच मिनिटांत येतो" म्हणत असेल (तेव्हा घटका मोजत, चोवीस मिनिटांची), तर पुस्तक खुशाल परत ठेवा.

दुकानात बसून दोन-चार पाने वाचायला आमची हरकत नाही, खुर्ची ठेवलेली आहे. पानिपतावरची कादंबरी नेणार असाल तर त्र्यं. शं. शेजवलकरांचे 'पानिपत : १७६१' हे इतिहासाचे पुस्तकही विचारा. शिल्लक नसेल तर मागवून देऊ.