युरेनियम मिलचा चोथा आणि त्याची साफसफाई (मोआब, युटा)

युरेनियमचा दगड मिलमध्ये बारीक दळतात, त्यात ॲसिड नाहीतर अल्कली घालून युरेनियम काढून घेतात आणि मागे उरतो तो वाळू-चिखलासारखा चोथा, त्यालाच टेलिंग्ज म्हणतात. टनभर दगडातून दोन-तीन किलो युरेनियम निघालं तरी खूप, म्हणजे रस काढल्यावर उसाचं चिपाड उरतं तसं पण इथे जवळजवळ अख्खा ऊसच उरतो. आणि मूळ दगडातली साधारण ८५ टक्के किरणोत्सारिता पण या चोथ्यातच राहते, कारण दगडातले रेडियम नि थोरियम हे दुसरे किरणोत्सारी धातू मिलवाल्यांना नकोच असायचे. रेडियम-२२६ निम्मं व्हायला १६०० वर्षं लागतात, थोरियम-२३० ला ७५ हजार, आणि रेडियममधून रेडॉन हा किरणोत्सारी गॅस सुटत राहतो तो वेगळाच. त्यामुळे साफसफाई म्हटलं तरी हा कचरा नष्ट कोणालाच करता येत नाही, उचलून बऱ्या जागी नेऊन झाकायचा, बास.

आधी तर हे कोणी मनावरच घेतलं नव्हतं. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातल्या ग्रँड जंक्शन गावात लोकांनी ही फुकटची वाळू घरांच्या पायात भरली आणि मग हजारो ठिकाणांहून ती उकरून काढावी लागली. शेवटी १९७८ मध्ये अमेरिकेत कायदा आला आणि जुन्या बंद मिल साफ करायचं काम सरकारच्या गळ्यात पडलं. ढिगावरचं झाकण शक्यतो १००० वर्षं, नाहीच जमलं तर निदान २०० वर्षं टिकावं असा नियम आहे (आपल्याकडे रस्ता दोन पावसाळे टिकला तरी कौतुक).

शेजारच्या युटा राज्यातल्या मोआब गावची मिल १९५६ ची, १९८४ ला बंद पडली, १९९८ मध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि कोलोरॅडो नदीच्या अगदी काठावर सुमारे १.६ कोटी टनांचा ढीग तसाच पडून राहिला. कंपनीचं म्हणणं होतं की जागेवरच झाकून टाकू. पण याच नदीचं पाणी खाली लॉस एंजेलिसपर्यंत कोट्यवधी लोक पितात, आणि नदी काय, पुरात पात्र बदलते, तिला कोण अडवणार, म्हणून २००५ मध्ये ठरलं की सगळा ढीग तिथून हलवायचा. ३० मैलांवर क्रेसेंट जंक्शनला शेलच्या (पाणी सहजी न झिरपणारा चिकणमातीचा दगड) जाड थरात खड्डा खणला आणि एप्रिल २००९ पासून रेल्वेने माल जायला लागला.

ऐकायला सोपं वाटतं पण मिल चालू असताना चोथा पाण्याबरोबर पाइपने सोडायचे, त्यामुळे जड वाळू कडेला बसली आणि बारीक चिखल मधोमध साचला, तो इतका ओला की आधी पसरून, उलटापालटा करून वाळवायचा, आणि मगच झाकणाच्या लोखंडी कंटेनरमध्ये भरायचा. गेटबाहेर पडायच्या आधी कंटेनर बाहेरून साफ आहे ना ते तपासायचं. तिकडे पोचल्यावर थराथराने पसरून रोलर फिरवून दाबायचा आणि वरून सुमारे ९ फूट जाडीचं झाकण, त्यात माती, खडी आणि सगळ्यात वर दगड. दीड दशक तरी हेच चाललं.

ढीग गेला तरी जमिनीखालच्या पाण्यात युरेनियम आणि अमोनिया उरतोच. त्यासाठी काठावर विहिरी घेऊन खराब पाणी उपसतात, आणि काठालगतच्या उथळ पाण्यात पाइकमिनो नावाच्या दुर्मिळ माशाची पिल्लं वाढतात, त्यांना अमोनिया बाधू नये म्हणून तिथे नदीचंच चांगलं पाणी सोडतात.