बोरॉनिक एस्टर कुठे तुटतो: हायड्रोलिसिस की प्रोटोडीबोरोनेशन?

सुझुकी कपलिंगमध्ये (पॅलेडियमच्या मदतीने बोरॉन संयुगातून नवा कार्बन-कार्बन बंध जोडणारी अभिक्रिया) टीएलसीवरचा (पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीवरचा) बोरॉनिक एस्टरचा डाग नाहीसा झाला की ‘एस्टर टिकला नाही’ म्हणून वहीत नोंद होते. पण नेमका कुठला बंध तुटला, यावर पुढचा उपाय ठरतो.

हायड्रोलिसिसमध्ये बोरॉन-ऑक्सिजन बंध सुटतो, डायॉल (दोन हायड्रॉक्सिल गटांचं अल्कोहोल) बाहेर पडतो आणि बोरॉनिक आम्ल उरतं. ते कपलिंगला चालतं, त्यामुळे बहुतेकदा नुकसान काहीच नाही. प्रोटोडीबोरोनेशनमध्ये कार्बन-बोरॉन बंधच तुटून तिथे हायड्रोजन बसतो. तो माल गेलाच.

ओळख वस्तुमानावरून पटते. पिनाकोल हा असाच एक डायॉल; त्याचा फिनाइल बोरॉनिक एस्टर 204चा. हायड्रोलिसिसने 122 (82ची घट), प्रोटोडीबोरोनेशनने 78 (126ची घट). मात्र एलसीएमएसच्या (द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेलं वस्तुमान मापन) मोबाइल फेजमध्ये म्हणजे वाहत्या द्रावकात फॉर्मिक आम्ल असेल तर चांगला एस्टरही कॉलमवरच फुटून बोरॉनिक आम्लाचा पीक दाखवतो. म्हणून प्रोटॉन एनएमआर (रेणूतले हायड्रोजन कुठल्या परिसरात आहेत ते दाखवणारा वर्णपट) काढावा: एस्टरचे बारा मिथाइल प्रोटॉन साधारण 1.3 पीपीएमला, मोकळा पिनाकोल 1.2च्या आसपास. बोरॉन एनएमआर इथे फारसा कामाचा नाही, कारण एस्टर आणि आम्ल दोन्ही 30 पीपीएमच्या जवळपासच दिसतात.

हायड्रोलिसिसवर मुख्य ताबा डायॉलचा. इथिलीन ग्लायकॉलचा एस्टर वर्कअपमध्येच (अभिक्रियेनंतरच्या धुण्या-वेगळं करण्यात) जातो. पिनाकोलचे चार मिथाइल गट बोरॉनच्या रिकाम्या ऑर्बिटलकडे येणाऱ्या पाण्याची वाट अडवतात, आणि सुटलेलं टोक पुन्हा जुळायलाही मदत करतात. पायनेनडायॉलचा एस्टर त्याहून चिवट, इतका की नंतर आम्ल मोकळं करणं हीच डोकेदुखी. मिडा (मिथाइल-इमिनोडायॲसेटिक आम्ल) एस्टरमध्ये नायट्रोजन ते ऑर्बिटल भरतो, म्हणून तो सिलिकावरून सुखरूप उतरतो. पण 1 मोलर सोडियम हायड्रॉक्साइडसमोर खोलीच्या तापमानाला दहा मिनिटांत संपतो.

प्रोटोडीबोरोनेशनमध्ये सूत्रं ॲरिल गटाकडे, म्हणजे बोरॉनला जोडलेल्या ॲरोमॅटिक रिंगकडे. 2-पिरिडिल बोरॉनिक आम्ल 70 अंशांना, पीएच 7 असताना मिनिटाभरात निम्मं उरतं. 3-पिरिडिल बराच काळ तग धरतं. 2-पिरिडिलमध्ये रिंगवरच्या नायट्रोजनला प्रोटॉन आणि बोरॉनला हायड्रॉक्साइड अशी जोडी जमली की बंध तुटतो, म्हणून तीव्र आम्ल किंवा तीव्र बेसमध्ये वेग उलट घटतो. 2,6-डायफ्लुओरोफिनाइलचं गणित वेगळं: तिथे बेसनेच घात होतो. पिनाकोल लावला म्हणून हे ॲरिल गट वाचत नाहीत, कारण पाणी-बेस असलेल्या कपलिंगमध्ये एस्टर आधी आम्ल होतोच.

अशा ॲरिलसाठी कपलिंगच आधी उरकेल असं पाहावं: एक्सफॉससारखा लिगंड (पॅलेडियमला जोडला जाणारा फॉस्फिन), कमी तापमान, जेमतेम पाणी. फ्लुओरिनवाल्यांना सौम्य बेस द्यावा. 2-पिरिडिलसाठी मिडा एस्टर आणि तांब्याचा क्षार. बोरॉन संयुगाचा डोस नुसता 1.5 इक्विव्हॅलंट (दुसऱ्या घटकाच्या दीडपट मोल) केला तर हायड्रोजन बसलेला माल तेवढा वाढतो.

शुद्धीकरणाच्या सिलिका कॉलमवर शेपूट निघत असेल (माल एकदम न उतरता लांबत जात असेल) तर दोष सहसा हायड्रोलिसिसचा. बोरिक आम्ल मुरवलेली सिलिका घ्यावी आणि कॉलम झटपट उतरवावा.