वाईट विचार दाबायचा नाही, तर करायचं काय?

शौच, संतोष, तप, स्वाध्याय, ईश्वरप्रणिधान. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादातल्या ३२व्या सूत्रात हे पाच नियम येतात आणि योगवर्गांतली ओळख बहुधा इथेच संपते. मला गंमत वाटते ती लगेच पुढच्या सूत्राची : ‘वितर्कबाधने प्रतिपक्षभावनम्’, म्हणजे वितर्क छळू लागले की त्यांच्या उलट बाजूचा विचार करावा. नियम सांगून होतात न होतात तोच पतंजली ते मोडावेसे वाटतील त्या घडीकडे वळतात.

वितर्क म्हणजे यम (अहिंसा, सत्य वगैरे संयम) आणि नियम यांच्या उलट ओढणारे विचार. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्य या जुन्या टीकेतलं उदाहरण रोखठोक आहे : माझं वाईट करणाऱ्याला मारीन, खोटंही बोलीन, त्याचं धनही घेईन. यावर ‘मनातच आणू नकोस’ हा घरोघरचा सल्ला. तो किती कुचकामी, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७च्या प्रयोगात दिसलं. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आलाच तर घंटी वाजवायची. घंट्या वाजत राहिल्या. वर, नंतर मोकळीक मिळाली तेव्हा या मंडळींच्या डोक्यात अस्वल अधिकच नाचलं.

प्रतिपक्षभावनात दाबादाबी नाही. वाईटाच्या जागी काहीतरी गोड आठवायचं, असंही नाही. ३४वं सूत्र चक्क उलटतपासणी घ्यायला लावतं. हिंसा स्वतः केली, करवली, की नुसती मान डोलावली? (कुणाच्या फजितीच्या व्हिडिओवर टाकलेला हसरा चेहरा बहुधा या तिसऱ्या खात्यात.) मूळ लोभात, क्रोधात की मोहात? वेग मंद, मध्यम की तीव्र? असे २७ प्रकार. वेगाच्या प्रत्येक पायरीचे पुन्हा तीन पोटभेद करून व्यास ८१वर पोचतात. आणि या सगळ्याचं फळ काय, तर न संपणारं दुःख आणि अज्ञान.

प्रसंगाचा अर्थ नव्यानं लावून भावना बदलते, हे आज मेंदूच्या स्कॅनमध्येही दिसतं. केविन ऑक्सनर, जेम्स ग्रॉस आणि सहकाऱ्यांनी २००२मध्ये लोकांना अस्वस्थ करणारी छायाचित्रं दाखवली आणि त्यांचा वेगळा अर्थ लावायला सांगितलं. कपाळामागच्या भागातली हालचाल वाढली, भीती-धोक्याची दखल घेणाऱ्या अमिग्डालातली कमी झाली.

पण म्हणून पतंजलींच्या हाती स्कॅन द्यायची घाई नको. प्रयोगशाळेतला नवा अर्थ बोच कमी करण्यासाठी असतो. भाष्याचं औषध कडू आहे. सोडलेलं पुन्हा धरलंस तर तू ओकलेलं चाटणारा कुत्रा, असं साधकानं स्वतःलाच सुनवायचं. हे ऐकून कुणाचा अमिग्डाला शांत झाला असेल, असं वाटत नाही.