पार्श्वभूमी: कारखान्यात बांधलेलं सबस्टेशन आणि ‘टेस्टेड’ या शब्दाचा घोळ

नव्या गृहप्रकल्पाच्या फाटकाजवळ राखाडी पत्र्याचा एक मोठा डबा असतो. दारावर लाल कवटी, बाजूला जाळीच्या पट्ट्या, आतून एकसुरी गुणगुण. ठेकेदार त्याला ‘पॅकेज’ म्हणतात, निविदेत तो ‘कॉम्पॅक्ट सबस्टेशन’ (छोटं वीज उपकेंद्र) असतो आणि रहिवाशांसाठी ती ‘डीपी’च असते. डीपी म्हणजे खरं तर डबल पोल, दोन खांबांवर चढवलेलं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर). खांब गेले, नाव मात्र टिकलं.

कल्पना जुनीच आहे. जर्मनीतल्या शहरांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जाहिराती चिकटवायच्या गोल लोखंडी स्तंभांच्या पोटात रोहित्रं बसवलेली होती. आपल्याकडे खोपोलीची वीज १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचली, तेव्हापासून पुढची कित्येक दशकं उपकेंद्र म्हणजे बांधकामच राहिलं. मोठ्या उपकेंद्राला यार्ड, खडी, तारा टांगायची गँट्री आणि कंट्रोल रूम; छोट्याला एक खोली, शटर, केबलचा चर आणि कोळसा-मीठ भरलेले अर्थिंगचे खड्डे. गावात ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेखाली दोन खांब, वर लाइन तोडायचा एबी स्विच आणि डीओ फ्यूज, खाली किटकॅट फ्यूजची पेटी. यातलं प्रत्येक काम वेगळा माणूस करायचा. गवंडी आला नाही की वायरमन बसून, आणि पाऊस लागला की सगळेच बसून.

शहरांत हे बदललं ते जागेमुळे. केबली जमिनीखाली गेल्या, त्यांची साखळी जोडायला आरएमयू (रिंग मेन युनिट, म्हणजे केबली जोडण्या-तोडण्याच्या स्विचचा संच) आले आणि पूर्वी भिंतभर पसरणारं एचटीचं, म्हणजे उच्च दाबाचं, सामान कपाटाएवढ्या पेटीत मावायला लागलं. मग आरएमयू, रोहित्र आणि एलटी (कमी दाबाचं) पॅनल असे तीन कप्पे एकाच कवचात बसवून सगळंच कारखान्यातून पाठवायची सोय झाली. सुरक्षेच्या नियमांनीही नकळत हातभार लावला. २०१० च्या नियमांनुसार निवासी आणि व्यापारी इमारतीच्या आत ड्राय टाइप, म्हणजे तेलाशिवायचं, रोहित्रच ठेवता येत होतं. ते महाग. तेलाचं स्वस्त रोहित्र हवं तर इमारतीबाहेर जायचं, आणि बाहेर स्वतंत्र खोली बांधली की तेवढं पार्किंग कमी. बिल्डरला डबा आवडला तो इथे.

२६ जुलै २००५ चा उल्लेख या संदर्भात हमखास होतो. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि उपनगरांतल्या काही भागांत वीज परतायला दिवस लागले. उपकेंद्रांच्या खोल्यांत पाणी शिरलं, म्हणून डबे बरे, असा निष्कर्ष त्यातून काढला जातो. मला तो पटत नाही. पत्र्याच्या डब्यातही पाणी शिरतं. वाचवतो तो चौथरा, आणि चौथऱ्याची उंची कारखान्यात ठरत नाही. ती जागेवरच ठरते, तीही बहुधा फाटकाच्या रस्त्याशी लेव्हल जुळावी म्हणून.

खरा वाद मात्र वेगळा आहे, ‘फॅक्टरी टेस्टेड’ या दोन शब्दांचा.

अशा उपकेंद्रांसाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक १९९५ मध्ये आलं. २००६ मध्ये त्याची जागा ६२२७१-२०२ या क्रमांकाच्या मानकाने घेतली. त्यातली कळीची गोष्ट म्हणजे कवचाचा वर्ग. तेच रोहित्र उघड्यावर जितकं तापतं, त्यापेक्षा बंद डब्यात किती अंश जास्त तापेल, हे तो सांगतो. वर्ग १० म्हणजे जास्तीत जास्त १० अंश, वर्ग २० म्हणजे २०, वर्ग ३० म्हणजे ३०. पूर्वी हे तीनच होते, नंतर ५, १५ आणि २५ यांची भर पडली.

वीस अंश ऐकायला किरकोळ वाटतात. पण साध्या कागदी इन्सुलेशनच्या रोहित्रात सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान दर ६ अंशांनी वाढलं की कागद दुप्पट वेगाने म्हातारा होतो, असा हिशेब धरतात. म्हणजे पूर्ण भारावर, इतर सगळं तेच ठेवून, २० अंश जास्त म्हणजे जवळपास दहापट वेग. मानकाचं उत्तर सरळ आहे, वर्गानुसार भार उतरवा. ६३० केव्हीए क्षमतेचं रोहित्र वर्ग २० च्या कवचात चंद्रपूरच्या मे महिन्यात ६३० केव्हीएचं राहत नाही. तरी पाटीवर ६३० च असतं, आणि मीटर देताना भाराची बेरीजही ६३० धरूनच होते.

आता ‘टेस्टेड’. एका कारखान्याचा आरएमयू, दुसऱ्याचं रोहित्र, एलटी पॅनल डबा बनवणाऱ्याचं स्वतःचं. तिघांचीही टाइप टेस्टची (त्या प्रकारच्या एका नमुन्यावर केलेल्या चाचणीची) प्रमाणपत्रं खरी. ती एका फाइलमध्ये लावली की डबा ‘टाइप टेस्टेड’ होतो का? मानकाच्या दृष्टीने नाही. दारं बंद करून, रोहित्र आत चालवून, अख्ख्या जोडणीची तापमानवाढ मोजावी लागते. आत आर्क (विजेच्या ठिणगीचा स्फोट) झाला तर तप्त वायू बाहेर उभ्या माणसावर येतो की नाही, याचीही स्वतंत्र चाचणी आहे. डबा फूटपाथला लागून ठेवायचा असेल तर माझ्या मते पहिला प्रश्न हाच हवा.

जुन्या पद्धतीवाल्यांचा टोमणाही चुकीचा नाही: विटांच्या खोलीची तरी कोणी टाइप टेस्ट केली होती? कोणीच नाही. पण खोलीत हवा भरपूर होती, पंखा लावता यायचा, आणि ती टेस्टेड आहे असा दावा कोणी करत नव्हतं.

शिवाय चाचणी होते एका नमुन्याची. एका सोसायटीत मी पाहिलेल्या डब्याला पावसाची झड येते म्हणून अर्ध्या पट्ट्यांवर आतून पत्रा मारला होता, आणि पाली शिरतात म्हणून उरलेल्यांवर बारीक जाळी. जाळीवर धुळीचा नमदा बसलेला. समोर भाजीवाल्याचे क्रेट टेकवलेले. दार उघडलं तेव्हा तोंडावर आलेली वाफ भट्टीसारखी होती. कागदोपत्री तो वर्ग १० चा होता. यात दोष कुणाचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही, कारण डबा निवडतो बिल्डर, बनवतो कारखानदार, हस्तांतरानंतर सांभाळते वितरण यंत्रणा, आणि उकाड्यात वीज गेल्यावर खाली उतरतात रहिवासी.

गेल्या दशकभरात या डब्यांची संख्या आणि आकार दोन्ही वाढले. सौर प्रकल्पांत इन्व्हर्टर आणि ३३ केव्हीचं रोहित्र एकाच सांगाड्यावर बसवून येतं. नवी मुंबईतल्या डेटा सेंटरसारख्या ठिकाणी अख्ख्या स्विचगिअर (वीज जोडण्या-तोडण्याचं सामान) खोल्या ट्रेलरवरून उतरवता येतात. ईव्ही चार्जिंगवाल्यांना तर थांबायला वेळच नसतो.

त्यात आता एसएफ६ वायूचा प्रश्न आहे. बऱ्याच आरएमयूंमध्ये इन्सुलेशनसाठी हाच वायू भरलेला असतो, आणि तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या २० हजार पटींहून जास्त घातक आहे. युरोपीय संघात २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये असे वायू वापरायला १ जानेवारी २०२६ पासून, काही अपवाद सोडता, बंदी आहे. आपल्या बाजारातही शुष्क हवेचे आरएमयू दाखवले जात आहेत. आरएमयू बदलला की कप्प्याचं माप बदलू शकतं, हवेची वाट बदलू शकते, आर्कचा मार्गही बदलू शकतो. मग जुनी चाचणी जशीच्या तशी लागू धरता येत नाही. निविदांत प्रमाणपत्र किती वर्षांपर्यंतचं चालेल अशी अट असते. चाचणीनंतर डब्यात काय बदललं, हे विचारणारी अट मी क्वचितच पाहिली आहे.