काचेवरचा रबरी कप खारदुंग ला चढताना का सुटतो

लेहहून लडाखमधल्या खारदुंग ला या खिंडीकडे निघून वाटेतली साउथ पुल्लूची चौकी ओलांडली की रस्ता खडबडीत होतो. तिथूनच थोडं वर गेल्यावर गाडीच्या पुढच्या काचेला रबरी सक्शन कपाने चिकटवलेला आमचा होल्डर 'फट्' आवाज करून सुटला आणि त्यातला हँडहेल्ड, म्हणजे हातात धरता येणारा, जीपीएस थेट गिअरपाशी येऊन पडला. पुण्यात मी तो स्वतः लावला होता. पुण्यापासून लेहपर्यंतचे सगळे खड्डे त्याने सोसले होते, आणि यंत्राचं वजन तर पाव किलोसुद्धा नव्हतं. मग इथेच काय झालं?

सक्शन कप काचेला ओढून धरतो असं आपण म्हणतो, पण ओढण्याचं काम तो करतच नाही. कप दाबून खटका फिरवला की रबराचा मधला भाग वर उचलला जातो, आत उरलेली हवा विरळ होते आणि बाहेरची हवा कपाला काचेवर दाबून धरते. म्हणजे होल्डरचा सगळा भार बाहेरच्या हवेवर असतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब साधारण 950 मिलिबार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला जवळपास एक किलो. सहा सेंटिमीटर व्यासाच्या कपाचं क्षेत्रफळ 28 चौरस सेंटिमीटर भरतं. आत 300 मिलिबार दाबाची हवा उरली आहे असं धरू. फरक 650 मिलिबारचा, म्हणून पकड अठरा-एकोणीस किलोंची.

खारदुंग ला 5,359 मीटरवर आहे आणि तिथे दाब उरतो साधारण 515 मिलिबार. बाहेरचा दाब जेमतेम निम्म्यावर येतो, पण कपाच्या आतली हवा मात्र पुण्याचीच! ती थोडी पसरते, पण 300 च्या फार खाली जात नाही. आता फरक 215 मिलिबारचा, म्हणजे पकड एक तृतीयांशावर येते, सुमारे सहा किलो. दाब निम्मा झाला आणि पकड तिसऱ्या हिश्शावर आली, हे मला गणित मांडेपर्यंत सुचलं नव्हतं.

पाव किलोच्या यंत्राला सहा किलोंची पकड पुरायला हवी, असं कुणालाही वाटेल. पण यंत्र कपाला सरळ लटकत नाही. ते वीतभर दांड्याच्या टोकाला असतं, आणि खड्ड्यात चाक आपटलं की तो दांडा पहारीसारखा काम करतो आणि कपाची एकच कडा काचेपासून उचकटू पाहतो. त्या कडेखालून केसाएवढी फट पडली की हवा आत शिरते आणि क्षणात सगळा खेळ संपतो. शिवाय थंडीत रबर ताठरतं आणि काचेच्या बारीक उंचसखलपणात नीट बसत नाही. म्हणून दांडा जेवढा आखूड तेवढं बरं. काच कोरडी पुसून घ्यावी, कपाच्या कडेला ओलसर बोट फिरवून मगच दाबावं, कारण पाण्याचा पातळ थर बारीक फटी बुजवतो. आणि घाट चढून वर गेल्यावर खटका सोडून कप पुन्हा एकदा लावावा. तेव्हा आत तिथलीच विरळ हवा उरते आणि गेलेल्या पकडीतली काही परत मिळते. आम्ही वर तेच केलं आणि मग तो खिंडीपलीकडच्या नुब्रा खोऱ्यापर्यंत हलला नाही.

मोटरसायकलवर प्रश्न वेगळा असतो. तिथे कप नसतो, हँडलला घट्ट आवळलेला क्लॅम्प असतो, तो सहसा पडत नाही. पण इंजिनाचा प्रत्येक धक्का तो इमानाने वर पोचवतो. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर हँडलला सेकंदाला 50 हादरे बसतात. होल्डरच्या दांड्याची स्वतःची कंपनसंख्या त्याच्या जवळपास असली, तर झोका योग्य वेळी ढकलल्यासारखा हादरा वाढतच जातो. आजच्या बऱ्याच फोनमध्ये हात हलला तरी फोटो हलू नये म्हणून कॅमेऱ्याचं भिंग चुंबकाच्या जोरावर अधांतरी तोललेलं असतं. त्या नाजूक मांडणीला असे हादरे तासन्‌तास सोसवत नाहीत. ताकदीच्या मोटरसायकल इंजिनांच्या कंपनांमुळे कॅमेऱ्याची ही यंत्रणा बिघडू शकते, असं अ‍ॅपलने सप्टेंबर 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. लांबच्या प्रवासाला निघणाऱ्यांनी रबरी गाद्या असलेला क्लॅम्प घ्यावा. त्याहून चांगलं म्हणजे हलणारं भिंग नसलेलं साधं हँडहेल्ड यंत्र लावावं.

होल्डर कुठे लावायचा, हे बऱ्याच अंशी आकाश ठरवतं. जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संदेश आपल्यापर्यंत येतो तेव्हा त्याची ताकद उरते दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग एक, इतके वॅट. साधी काच तो अडवत नाही, पण पत्र्याचं छप्पर अडवतं. यंत्र डॅशबोर्डच्या मागच्या अंगाला, छपराखाली बसवलं, तर त्याला फक्त समोरच्या आकाशातले उपग्रह दिसतात. जागा नक्की करायला किमान चार उपग्रह लागतात. ते चारही एकाच बाजूला गोळा झालेले असले की उत्तरात चूक वाढते, कारण सगळी अंतरं जवळपास एकाच दिशेने मोजली जातात. माळशेजसारख्या घाटात तर एका बाजूचं आकाश कड्यानेच खाल्लेलं असतं. म्हणून यंत्र काचेच्या जितकं जवळ तितकं चांगलं. चपटा अँटेना असलेलं हँडहेल्ड आडवं, तोंड आकाशाकडे करून ठेवलं की उत्तम चालतं आणि डोकं वर काढलेल्या जाड अँटेनाचं उभं ठेवलेलं चांगलं. काही गाड्यांच्या काचेत ऊन परतवण्यासाठी धातूचा अतिशय पातळ थर असतो, तो मात्र संदेशालाही अडवतो. अशा काचेवर आरशाच्या आसपास बहुधा बिनथराचा एक तुकडा राखलेला असतो.

ऊन हाही एक मुद्दा आहे. मे महिन्यात बंद गाडीचा डॅशबोर्ड 70 अंशांच्या घरात तापतो आणि लिथियमच्या बॅटरीला हे सहन होत नाही. गाडी उभी करताना यंत्र काढून सोबत न्यावं. हे काढता येणं हाच तर अशा यंत्राचा मोठा फायदा आहे.

एअरबॅगच्या झाकणासमोर होल्डर कधीही लावू नये. ती सेकंदाच्या विसाव्या-तिसाव्या भागात फुगते आणि वाटेतलं यंत्र थेट माणसाच्या अंगावर भिरकावते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2020 साली झालेल्या दुरुस्तीनुसार गाडी चालवताना हातातलं यंत्र फक्त रस्ता पाहण्यासाठी वापरता येतं, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. दोन सेकंद मान खाली घातली, तर 33 मीटर रस्ता न पाहताच गेलेला असतो. पडदा नजरेच्या रेषेच्या किंचित खाली, पण रस्ता न झाकणारा असावा, याचं कारण हेच.

खारदुंग लाच्या माथ्यावर आम्ही उतरलो तेव्हा होल्डर अजून गाडीतच पडलेला होता, त्यामुळे यंत्र माझ्या हातात होतं. मोकळ्या आकाशाखाली उपग्रहांच्या पडद्यावर एकामागून एक पट्ट्या भरत गेल्या. गाडीत त्यातल्या निम्म्याच दिसत होत्या. अनेक वर्षं इथल्या पाटीवर 18,380 फूट लिहिलेलं असे. जीपीएसने केलेल्या मोजण्यांनी ती उंची 5,359 मीटर, म्हणजे सुमारे 17,580 फूट ठरवली. आमचं यंत्रही मिनिटभरात त्याच आकड्याच्या आसपास येऊन थांबलं.