चाळीसचा आस पाण्यात किती उरतो?

हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रॉलर रिकामा होताना कोळंबीच्या ढिगात बोटाएवढी ढोमी आणि राणीमाशाची पिल्लं हटकून दिसतात. बाजारात त्यांना भाव नाही, ती भुकटीला जातात. दोष जाळ्याच्या बारीक आसाला, म्हणजे भोकाला, दिला जातो. पण पुष्कळदा आस बारीक नसतो, मिटलेला असतो.

नेहमीच्या जाळ्याचा आस शंकरपाळ्याच्या आकाराचा. खोलात, म्हणजे जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, मासळी भरली की ताण लांबीच्या दिशेने पडतो आणि शंकरपाळी चिमटून नुसती फट उरते. ताणून मोजला तर आस 40 मि.मी.च भरतो, पिल्लाला वाट मात्र नसते. तेच जाळं 45 अंशांत फिरवून लावलं, की ताण लांबीच्या दोऱ्या घेतात, आडव्यांवर ओढ येत नाही आणि 20 बाय 20 मि.मी.ची खिडकी उघडी राहते. महाराष्ट्रात ट्रॉलच्या खोलाला 40 मि.मी. चौकोनी आसाचा नियम आहे, तो यासाठीच.

बिघडतं ते शिवणकामात. गाठीचं जाळं वापरलं तर गाठी सरकून चौकोन वाकडे होतात, म्हणून बिनगाठीचं बरं. तळाशी घासू नये म्हणून लावलेलं जुन्या जाळ्याचं अस्तर फक्त पोटाखाली हवं. सगळा खोल त्यात गुंडाळला तर खिडक्या असून बंद. शिवाय चौकोन फळतो तो गोल अंगाच्या माशांना, पापलेटसारख्या चपट्याला तितका नाही.

कासव कुठल्याच आसातून जाणार नाही. त्यासाठी खोलाच्या आधी सळयांची तिरकी चौकट, म्हणजे टेड, आणि तिच्या टोकाशी झडप असलेली वाट. अमेरिकी नियमात सळयांमधलं अंतर जास्तीत जास्त 4 इंच, कोन 30 ते 55 अंश. चौकट फार उभी झाली तर कासव तिच्यावर दाबलं जातं. फार आडवी झाली तर कोळंबीही बाहेर, आणि तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, ती चौकट कायमची काढून ठेवतो.

टेड नसेल आणि ऑलिव्ह रिडले जातीची कासवीण निपचित वर आली, तर मेली समजून फेकू नये. पोटावर ठेवून मागची बाजू निदान 6 इंच उचलावी, सावलीत ओल्या कापडाने झाकावं (नाकपुड्या उघड्या). शुद्धीवर यायला 24 तासही लागतात. सोडताना इंजिन न्यूट्रलला. सुटकेसाठी जाळं कापावं लागलं तर 2018 पासून राज्यात 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कापण्याआधी फोटो काढावा.