पार्श्वभूमी : मातीचे भांडे पुन्हा पानावर

पुण्यात हाताने घडवलेल्या सिरॅमिकच्या ताटल्या, वाडगे आणि मग यांची प्रदर्शने आता नेमाने भरतात, आणि फिरत्या चाकावर मातीचा गोळा मध्यावर आणायला शिकवणारे आठवडाअखेरीचे वर्गही चालतात. ही प्रेरणा आली कुठून, असे तिथे विचारले तर बहुतेक वेळा उत्तर जपानचे मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. कारण खाण्यापिण्याच्या मातीच्या भांड्यावर नक्षी काढण्याची हौस या परिसराला तीन हजार वर्षांहून जुनी आहे. मधल्या काळात ती ताटावरून नाहीशी झाली, आणि त्यामागचे कारण कौशल्य आटल्याचे नव्हते.

संगमनेरजवळ प्रवरेकाठी असलेल्या जोर्वे या गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झाले आणि तिथल्या खापरांनी एका संपूर्ण संस्कृतीला नाव दिले. पुढे शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे, डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम केले. ह. धी. सांकलिया आणि म. के. ढवळीकर यांच्यासारख्या संशोधकांच्या या कामातून इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. वस्तीच्या कडेला कारागिरांची घरे होती, त्यांत कुंभाराचेही होते, आणि भांडी भाजण्याची गोल भट्टीही सापडली. तिथली जोर्वे पद्धतीची भांडी आजच्या कोणत्याही स्टुडिओत ठेवली तरी ओशाळणार नाहीत. माती बारीक गाळलेली, अंग पातळ, भाजणी इतकी पक्की की टिचकी मारली तर धातूसारखा नाद यावा. लाल पृष्ठावर काळ्या रंगाने तिरप्या रेघांचे जुडगे, चौकटी आणि शिडीसारखे पट्टे. त्यांतले तोटीचे भांडे थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. त्याचे तोंड बाहेर उमललेले, पोट मध्येच कडा निघून वळलेले, आणि त्या पोटातून नळीसारखी तोटी फुटलेली. चाकावर भांडे घडवून झाल्यावर तोटी वेगळी करून जोडावी लागते, आणि सांध्यात ओल कमी-जास्त राहिली तर भाजताना नेमकी तिथेच चीर जाते. ज्याने कधी किटलीची तोटी जोडून पाहिली आहे, त्याला या कुंभाराचा हात काय तोलाचा होता ते सांगावे लागणार नाही. इ. स. पूर्व १००० नंतर मात्र हीच भांडी भरड होत गेली आणि नक्षीही उणावली. हवामान कोरडे झाल्याने शेती खालावली आणि गाव गरीब झाले, अशी त्याची मांडणी अभ्यासकांनी केली आहे.

त्यानंतरच्या दीर्घ काळात कुंभाराचे महत्त्व कमी झाले नाही. चाक, थापटणे आणि आवा (भांडी भाजण्याची भट्टी) यांवाचून गावगाडा चालत नव्हता. तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची डोकी तपासली आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, ही कथा ज्या समाजात घरोघरी सांगितली जाते, त्याला मातीची पारख नव्हती असे कोण म्हणेल? पुण्यात कसब्यालगत कुंभारवेस हे नाव आजही पत्त्यात लिहिले जाते. अडचण होती ती उष्ट्याची. पितळेचे ताट राखेने घासले की शुद्ध, पण सच्छिद्र मातीत अन्नाचा अंश मुरतो, म्हणून एकदा उष्टे झालेले मातीचे भांडे टाकूनच द्यायचे, अशी सोवळ्याची समजूत होती. त्यामुळे जेवण केळीच्या पानावर, पत्रावळीवर किंवा धातूच्या ताटात गेले आणि तांबट आळीची ठोकठोक वाढली. मातीकडे उरली ती पाण्याची घागर, संक्रांतीची सुगडे, अक्षय्य तृतीयेची करा-केळी, दिवाळीच्या पणत्या आणि भातुकलीची बोळकी. जे भांडे टाकूनच द्यायचे, त्यावर नक्षी करण्यात कुंभार वेळ कशाला घालवेल? जोर्व्याच्या रेघा हरवल्या त्या इथे, असे मला वाटते.

चिनी मातीने ही कोंडी फोडली. वरून तपकिरी आणि खाली पांढरट अशी लोणच्याची बरणी घरात आली, तिच्यावरच्या काचेसारख्या झिलईत मीठ, तेल, आंबटपणा काहीच मुरत नाही, म्हणून दादरा, म्हणजे तोंडावर फडके, बांधलेली बरणी कर्मठ घरांतही बिनबोभाट फडताळात बसली. कपबशीला मात्र तेवढे सोपे गेले नाही. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानावरून पुण्यात केवढे ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उठले आणि टिळक-रानड्यांपर्यंत प्रायश्चित्ताचा प्रश्न कसा पोहोचला, हे सर्वश्रुत आहे. तिथे वाद परधर्मीयांच्या हातच्या चहाचा होता. पण पुढे चहा घरोघर गेला आणि त्याच्याबरोबर धुऊन पुन्हा वापरायची कपबशीही गेली. ती कारखान्याची होती, एकासारखी दुसरी.

हाताच्या कामाला वेगळा मान मिळण्याची सुरुवात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दिसते. १८७० च्या दशकात जॉर्ज टेरी यांनी तिथे कुंभारकाम उभे केले आणि, त्याच सुमारास जॉन ग्रिफिथ्स यांचे विद्यार्थी अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करत असल्याने, तीच वेलबुट्टी फुलदाण्यांवर उतरली. ती भांडी दिवाणखान्यासाठी होती. त्यांत कोणी आमटी वाढली नसावी.

रोजच्या वापराचे भांडेच सुंदर असावे, हा आग्रह जपानमार्गे आला. इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच यांनी जपानात शिकून १९२० मध्ये जपानी कुंभार शोजी हामादा यांच्यासह इंग्लंडमध्ये सेंट आइव्हज येथे स्टुडिओ काढला. त्याच सुमारास, १९१९ मध्ये, जपानला गेलेले सरदार गुरुचरण सिंग यांचा या वर्तुळाशी स्नेह जुळला, आणि भारतातल्या स्टुडिओ कुंभारकलेचा पाया त्यांनी घातला. शांतिनिकेतनात शिकलेल्या निर्मला पटवर्धन यांनी पुढे लीच यांच्याकडे काम केले आणि झिलईच्या रसायनाचा ध्यास घेतला. १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी पाँडिचेरीत गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, आणि तिथून शिकून गेलेल्यांनी देशभर भट्ट्या मांडल्या. आज पुण्यात दिसणारा राखट किंवा गर्द निळ्या झिलईचा वाडगा, तळाशी झिलईविना सोडलेली कडा आणि आत राहू दिलेला बोटाचा वळसा, हे सारे याच वंशातले आहे.

एक फरक भट्टीतच पडतो. गावच्या आव्यातली लाल माती साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला भाजते आणि सच्छिद्र राहते. स्टुडिओत वापरतात ते स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखे टणक होणारे मातीकाम, १२०० ते १३०० अंशांना आवळून येते आणि जवळजवळ पाणी पीत नाही. स्थानिक लाल माती तेवढ्या आचेला खचते, कधी वितळतेही. म्हणून पुण्यातला स्टुडिओ बहुधा गुजरात-राजस्थानकडची पांढरी माती मागवतो, आणि कुंभारवेशीतले जुने घर नदीकाठच्या मातीच्या पणत्या विकते. येरवड्याला डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात इनामगावची तोटीची भांडी मांडलेली आहेत. ती मात्र अशाच नदीकाठच्या लाल मातीची आहेत.